डाव्या पायाची जागा

प्रेमाबाईनं गाडी चालवायला घेतली ती हौसेनं नव्हे. शिरूरच्या मिशन दवाखान्यात ती नर्स होती आणि तिचा नवरा एलिया ओहोळ त्याच दवाखान्याचा ड्रायव्हर. सतरा वर्षं दोघांचं काम जोडीनं चाललं होतं. खेड्यातून निरोप आला की तिनं पिशवी उचलायची, त्यानं गाडी काढायची. १९६३ च्या दिवाळीनंतर एलियाच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरचं दिसे, कडेचं दिसेना. कारेगावच्या वळणावर त्यानं एका बैलगाडीचं चाक घासलं. गाडीवान उडी मारून वाचला. एलिया खाली उतरला आणि म्हणाला, "ही गाडी आली कुठनं?" ती उजवीकडच्या शेतातून सावकाश रस्त्यावर चढत होती. प्रेमाबाईला केव्हाची दिसत होती.

पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायची, आणि गाडी बंद.

दवाखान्याच्या कमिटीनं नगरहून दुसरा ड्रायव्हर आणला. तो एकोणीस दिवस टिकला. ओढ्यानाल्यातून गाडी घालायला मी काही रणगाडा चालवत नाही, असं सांगून तो निघून गेला. कमिटीचे सेक्रेटरी शलमोन मास्तर डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा प्रेमाबाई म्हणाली, "मी शिकते."

मास्तर हसले. मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले.

एलियानंच तिला शिकवलं. आधी मिशनच्या मैदानात, मग नगर रस्त्यावर. गिअर कधी बदलायचा हे तो इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, डोळे मिटून. उतारावर गाडी कशी धरायची, वाळूत चाक कसं सरळ ठेवायचं, सगळं त्यानं नीट दाखवलं. दोन महिन्यांत तिला लायसन मिळालं. एका गोष्टीवरून मात्र दोघांचं रोज वाजायचं.

ती जुनी स्टेशन वॅगन होती, पूर्वीच्या गोऱ्या डॉक्टरांची. ते सहा फुटांवर उंच. त्यांनी ड्रायव्हरची सीट होईल तेवढी मागं घेऊन चार बोल्टांनी कायमची आवळून टाकली होती. ते मायदेशी गेले आणि गाडी एलियाकडं आली. तोही ताडमाड, त्यामुळं त्याला ती सीट मापानं शिवल्यासारखी बसली. प्रेमाबाईची उंची चार फूट नऊ इंच. ती पाठीमागं दोन उशा आणि बुडाखाली चौघडी गोधडी घेऊन बसायची. तरी क्लच पुरा दाबायचा म्हणजे तिला सीटवरून खाली घसरावं लागे. क्लच सोडला की डावा पाय अधांतरी लोंबायचा. टाच फरशीला लागायची नाही. मग तो पाय आपोआप क्लचवरच टेकून राहायचा.

"क्लचवरनं पाय काढ," एलिया शेजारून म्हणायचा.

"काढून ठेवू कुठं?"

"खाली."

"खाली पोचतोय का बघा की वाकून!"

"पोचत न्हाई म्हणून काय त्याच्यावर ठेवायचा? घासून क्लचची प्लेट जळंल."

हा संवाद कारेगावपर्यंत जाताना दहा वेळा आणि येताना दहा वेळा व्हायचा. प्रेमाबाई पाय उचलून धरायची. दोन मैलांत मांडीत गोळा यायचा आणि पाय पुन्हा क्लचवर जायचा. संध्याकाळी तिची कंबर अशी धरायची की न्हाणीत वाकता यायचं नाही. वळणावर एक उशी सटकून मधल्या फटीत जायची आणि ती अर्धी आडवी होऊन गाडी हाकायची. रस्त्यातली माणसं बघून हसत. तिला वाटे, उतरावं आणि त्या उशा ओढ्यात फेकून द्याव्यात.

मार्चमध्ये मांडवगण फराट्याहून निरोप आला. पहिलटकरीण, पाय सुजलेले, डोकं दुखतंय. प्रेमाबाईनं पिशवी गाडीत टाकली, एलिया शेजारी बसला आणि दोघं निघाली. गाव दोन मैलांवर राहिलं असताना ओढ्याच्या चढाला गाडीनं दम तोडला. इंजिन ओरडत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती. जळक्या रबरासारखा वास आला, फरशीच्या फटीतून धूर आला.

"झालं," एलिया म्हणाला. "मी सांगून सांगून थकलो."

प्रेमाबाई उतरली. पिशवी डोक्यावर घेऊन ती उन्हात चालत निघाली. गावात पोचली तेव्हा घामानं पातळ अंगाला चिकटलं होतं आणि तोंडाला कोरड पडली होती. बाळ झालं होतं. गावातली जुनी सुईण रंगुबाई उंबऱ्यात पाय धूत बसली होती.

"या बाई," रंगुबाई म्हणाली. "गाडी घेतलीया म्हनं तुम्ही. आन् चालत आलासा?"

प्रेमाबाईनं बाळंतिणीचा रक्तदाब बघितला, सूज बघितली, गोळ्या दिल्या. सगळं ठीक होतं. ठीक होतं याचा आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात एकच चाललं होतं. आज ठीक होतं म्हणून. त्या पोरीला झटके आले असते तर आपण दोन मैल लांब उन्हात चालत होतो. रंगुबाईनं दिलेला चहा तिनं उभ्यानंच प्यायला.

गुळाच्या ढेपा घेऊन दौंड स्टेशनकडं निघालेल्या एका ट्रकनं गाडी दोरानं ओढत नेली. एलिया गाडीबरोबर गेला. प्रेमाबाईला दवाखान्यात सकाळी हजर व्हायचं होतं, म्हणून ती एसटीनं शिरूरला परतली.

दौंडला स्टेशनच्या अलीकडं सिद्दीक मिस्त्रीचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, समोर लिंबाचं झाड, मागं राहतं घर. मिस्त्रीचा बाप रेल्वेत फिटर होता आणि लोखंडाची समज त्याला तिथूनच आली होती. त्यानं गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट काढली आणि एलियाच्या हातात ठेवली. प्लेट घासून कागदासारखी झाली होती.

"पाय ठेवून चालवलीय," सिद्दीक म्हणाला.

"बायको चालवती. तिचा पाय खाली पुरत न्हाई."

सिद्दीकनं थोडा वेळ गाडीत डोकं घालून बघितलं. "क्लचच्या डाव्या अंगाला पायाला टेकू करून देतो," तो म्हणाला. "लोखंडी पट्टी, वर लाकडाची फळी. क्लच सोडला की पाय फळीवर. मग प्लेटला काही होत नाही."

ही गोष्ट सतरा वर्षांत एलियाला सुचली नव्हती, कारण त्याला तिची गरज पडली नव्हती. त्याला ती पटली. नवी प्लेट पुण्याहून यायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी सिद्दीकनं टेकू बसवला आणि एलियाला म्हणाला, "बसून बघा." एलिया बसला. पाय लांब करून फळीवर ठेवला. "झकास," तो म्हणाला.

सिद्दीकच्या मेहुण्यानं गाडी शिरूरला आणून सोडली. प्रेमाबाई दवाखान्यातून धावतच बाहेर आली. एलियाचा निरोप मिळाल्यापासून तिनं त्या टेकूची वाट बघितली होती. ती चढून बसली, उशा नीट केल्या, क्लच दाबला, सोडला आणि डावा पाय फळीकडं नेला. पाय फळीपर्यंत पोचेना. चवडा ताणला तर अंगठ्याचं टोक कसंबसं लागे.

तिनं पुन्हा प्रयत्न केला. घसरून खाली सरकली तेव्हा फळी लागली, पण मग बॉनेटच्या वरचं काही दिसेना.

"हे माप कुणाचं घेतलं?" तिनं विचारलं.

एलिया फळी चाचपून बघू लागला.

"तुमचं घेतलं ना? तुम्ही बसून बघितलंत?"

"मिस्त्री म्हणला बसा, म्हणून बसलो."

"गाडी मी चालवते. प्लेट मी जाळली. बोलणी मी खाल्ली. आन् टेकू तुमच्या पायाला?"

ती उतरली आणि तिनं गाडीचं दार असं आपटलं की बाहेर रांगेत बसलेल्या पेशंट बायका दचकल्या.

पुढच्या आठवड्यात दोघं दौंडला गेली. सिद्दीकला चूक कळली होती आणि तो ओशाळला होता. पण बाईमाणसाला गाडीत बसवून तिच्या पायाचं माप घ्यायचं म्हणजे त्याला संकटच. तो दुसरीकडं बघत उभा राहायचा आणि एलियाला सांगायचा, "भाऊ, वहिनींचा पाय कुठं येतो तेवढं बोटानं दाखवा." एलियाला फरशीवरच्या अंधारात नीट दिसत नव्हतं आणि ते कबूल करायचं नव्हतं. तो अंदाजानं बोट दाखवायचा. स्टेशनवरून येणारी जाणारी चारदोन माणसं लिंबाखाली थांबली होती. एक जण म्हणाला, "बाई, बैलगाडी बरी व्हती की." दुसरा हसला. प्रेमाबाई समोरच्या काचेतून सरळ बघत बसली. तिचे कान तापले होते.

सिद्दीकनं फळी चार इंच अलीकडं आणि बरीच वर घेतली. आता पाय पोचत होता. फळीची कड मात्र क्लचला खेटून आली होती. पाय फळीवरून उचलायचा, गुडघा वर घ्यायचा आणि मग क्लचवर आणायचा. "सवयीनं होईल," सिद्दीक म्हणाला. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं म्हणून तीही हो म्हणाली.

परतताना न्हावऱ्याच्या बाजारात गर्दी होती. पुढं मेंढरं आली. प्रेमाबाईनं ब्रेक दाबला आणि क्लचसाठी डावा पाय उचलला. पाय उठेना. पातळाचा काठ फळी आणि क्लचच्या मधे अडकला होता. तिनं पाय ओढला, काठ टरकन फाटला, आणि तोवर गाडी दोन हिसके देऊन एका चहाच्या दुकानाच्या खांबाला टेकून बंद पडली होती. छपरावरचं कौल सरकलं. कुणाला लागलं नाही. दुकानाचा मालक हौसराव हातात गाळणं घेऊन बाहेर आला आणि खांबाकडं, गाडीकडं, मग प्रेमाबाईकडं बघत राहिला.

"बाई, च्या पायजे तर हाक मारायची," तो म्हणाला. "दुकान ढकलायचं कशापायी?"

सगळा बाजार हसला. मेंढरंवालासुद्धा हसला. एलिया उतरून माफी मागत होता, कौल नीट करत होता. प्रेमाबाई स्टिअरिंगला धरून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते अपमानानं आलं असं नव्हे. तिला क्लच कळत होता, गिअर कळत होते, रस्ता कळत होता. शिकायचं ते सगळं ती शिकली होती. आणि तरी रोज त्या गाडीत आपण कुणाच्या तरी मोठ्या चपला घालून चाललो आहोत असं तिला वाटत होतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मी आता चालवणार न्हाई."

एलिया म्हणाला, "नको चालवू." त्याच्या आवाजात थोडा जास्तच सुटकेचा सूर होता. तो तिला टोचला.

बारा दिवस गाडी शेडमध्ये उभी राहिली. एलिया रोज सकाळी ती बाहेर काढायचा, धुवायचा, कंपाउंडात एक फेरी मारायचा आणि परत आत लावायचा. कंपाउंडात कुणी मधे येत नसे, म्हणून त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. त्या बारा दिवसांत दोन निरोप आले. एकदा ती बैलगाडीनं गेली, एकदा एसटीनं जाऊन पुढं चालत. दुसऱ्या खेपेला तिला उशीर झाला आणि बाळ हाती लागलं नाही. लवकर पोचलो असतो तरी काही झालं असतं का, हे तिला ठरवता येईना. तेच जास्त छळत होतं.

बाराव्या दिवशी दुपारी ती स्वैपाकघरात खुर्ची घेऊन बसली. पाठ खुर्चीला टेकवली. जेवायला बसतो तशी, कष्ट न पडता. मग तिनं पायापुढं विटा मांडल्या. एक क्लचची, एक डाव्या पायाची. विटा पुढं सरकवल्या, मागं सरकवल्या, एकीखाली पोळपाट घातला. डावा पाय पुढच्या विटेवर दाबायचा आणि काढला की शेजारच्या विटेवर आपोआप यावा, गुडघा न उचलता, घोटा नुसता बाजूला वळवून. अर्ध्या तासानं विटा जागेवर आल्या. पाठ हलत नव्हती. मांडी दुखत नव्हती. बाळांची लांबी मोजायची फीत तिनं पिशवीतून काढली आणि खुर्चीच्या पाठीपासून विटांपर्यंत माप घेतलं. मग शेडमध्ये जाऊन गाडीत तेच माप घेतलं. फरक साडेपाच इंचांचा होता.

म्हणजे टेकू चुकला नव्हता. सीट चुकली होती. नको त्या ठिकाणी बसलेल्या माणसाच्या पायाला टेकू करत बसले होते सगळे. ती स्वतःसुद्धा.

एलिया दारात येऊन उभा राहिला होता. "काय मोजतीस?"

"सीट साडेपाच इंच पुढं घ्यायची आन् दोन इंच वर. खाली लाकूड घालून. मग सगळं बसतंय."

एलियानं आत येऊन सीटला हात लावला. मग म्हणाला, "मग मी कसा बसणार?"

"तुम्ही?"

"माझे गुडघे स्टिअरिंगला अडतील. शिरता बी येणार न्हाई मला."

"पण तुम्ही तर—" ती थांबली.

"मी तर काय? बोल की."

"डॉक्टरांनी गाडी बंद केली तुमची."

"रस्त्यावरची केली. शेडमधनं काढायची न्हाई केली. धुवायची न्हाई केली." त्याचा आवाज चढला. "सतरा वर्षं त्या सीटवर बसलोय मी. तुझ्या साडेपाच इंचासाठी तिला भोकं पाडायची?"

"मग मी उशांवर बसून कंबर मोडून घेऊ? दुसरी प्लेट जाळू? परवाचं लेकरू गेलं, ते—"

"ते माझ्यामुळं गेलं?"

"मी असं म्हणाले न्हाई."

"तसंच म्हणलीस."

तो निघून गेला. तीन दिवस त्यानं तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. शलमोन मास्तरांना कुणाकडून तरी कळलं. ते घरी येऊन म्हणाले, "बाई, सीट काही हलवू नका. उद्या पुन्हा पुरुष ड्रायव्हर मिळाला तर?"

"मिळाला तर परत मागं घ्या," प्रेमाबाई म्हणाली. "बोल्टच आहेत, मास्तर. देवाची आज्ञा न्हाई."

मास्तरांना ते बोलणं आवडलं नाही, पण ते उठून निघाले. त्यांच्याकडं दुसरा इलाज नव्हता.

शुक्रवारी तिची सुट्टी होती. तिनं एलियाला विचारलं, "दौंडला येताय?"

"न्हाई."

ती एकटी निघाली. उशांवर बसून, डावा पाय उचलून धरत, मांडीत गोळे घेऊन, संतापत. न्हावऱ्याला हौसरावानं तिची गाडी बघून खांबाला मिठी मारल्याचं सोंग केलं. तिनं हॉर्न वाजवला आणि पुढं गेली. भीमेच्या पात्रातल्या वाळूत एलियानं शिकवलं होतं तसं चाक सरळ धरून तिनं गाडी पार केली. या वेळी शेजारून कुणी काही सांगत नव्हतं, हे तिला बरं वाटलं आणि वाईटही.

सिद्दीक मिस्त्री गाडी बघून घाबरलाच. "आता काय जळलं?"

"काही न्हाई जळलं. मिस्त्री, तुम्ही दोनदा टेकू केला. आता आधी मला बसवा, मग टेकू करा." तिनं मापाचा कागद त्याच्या हातात दिला.

सिद्दीकनं कागद वाचला. मग गाडीत डोकं घालून सीटचे बोल्ट बघितले. आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मला आधी दिसायला हवं होतं, बाई," तो म्हणाला. "मी टेकूच बघत बसलो."

त्यानं घरातून सुलतानबीला, आपल्या बायकोला, हाक मारली. सुलतानबी पदराला हात पुसत आली. तिला काय करायचं ते कळल्यावर तिनं पहिलं काम केलं ते लिंबाखालच्या माणसांना उठवण्याचं. "इथं काय तमाशा हाय? निघा!" माणसं गेली. मग ती डाव्या दारातून आत शिरून फरशीवरच बसली आणि खडू घेऊन म्हणाली, "पाय ठेवा बाई. जिथं बरं वाटतं तिथं."

सिद्दीक बाहेरून विचारायचा, सुलतानबी आतून सांगायची. त्यानं चारही बोल्ट सोडवले. दोन तर गंजून एक झाले होते, ते छिन्नीनं तोडावे लागले. सीट मोकळी झाल्यावर तिच्याखाली सतरा वर्षांची धूळ, एक शिसपेन्सिल आणि बाभळीचे काटे निघाले. सीट पुढं घेतली, खाली सागाचे तुकडे घातले. प्रेमाबाई बसली. स्टिअरिंग छातीला आलं. एक इंच मागं. पुन्हा बसली. क्लच पुरा दाबला, पाठ जागची हलली नाही. सुलतानबीनं सीटच्या पायांभोवती खडूनं रेघा मारल्या आणि सिद्दीकनं फरशीला नवी भोकं पाडली.

मग टेकू. जुनी फळी काढून त्यानं क्लचच्याच उंचीवर, थोडी तिरकी, नवी फळी धरली. सुलतानबी म्हणाली, "लुगडं अडकंल. चार बोटं लांब घ्या." चार बोटं घेतली तर पाय वळेना. तीन घेतली. फळीची कड रंध्यानं गोल केली. पाय सरकू नये म्हणून वर जुन्या टायरचा तुकडा ठोकला. दुपार कलली होती. चौथ्यांदा पट्टी वाकवताना सिद्दीक चिडला आणि हातोडा फेकून म्हणाला, "इंजिन खोलणं सोपं!" सुलतानबी त्याला पाणी देऊन परत फरशीवर येऊन बसली.

शेवटी प्रेमाबाईनं क्लच दाबला, सोडला, आणि पाय वळवला. पाय फळीवर होता. तिनं खाली बघितलंही नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा पाय तिथंच.

"बघा चालवून," सिद्दीक म्हणाला.

ती सुलतानबीला शेजारी घेऊन कुरकुंभपर्यंत गेली आणि आली. सुलतानबी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत पुढं बसली होती आणि सारखी बाहेर बघून हसत होती. प्रेमाबाई मात्र हसली नाही. तिला उलट रागच येत होता. एवढंच होतं? चार बोल्ट आणि एक फळी? यासाठी पाच महिने कंबर, एक प्लेट, बाजारातलं हसं, आणि एलियाचे ते तीन दिवस?

संध्याकाळच्या आत ती शिरूरला पोचली. एलिया कंपाउंडाच्या फाटकाशी उभा होता. गाडी शेडसमोर थांबली, ती उतरली आणि बाजूला झाली. तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला. एक पाय आत घातला. मग अंग आत घालायला गेला तर गुडघा स्टिअरिंगला आपटला. त्यानं तिरकं होऊन बघितलं, पाय आधी आत घेऊन बघितला. जमलं नाही. तो मागं सरला आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला.

"बसत न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई," ती म्हणाली. गाडीत सुचलेलं सगळं, जे ती वाटेत मनात त्याला ऐकवत आली होती, ते त्याच्या त्या हाताकडं बघून तिनं मनातच ठेवलं.

सोमवारी मांडवगणहून पुन्हा निरोप आला. गावच्या जालिंदरची बायको, गिताबाई, तिसरी खेप, पाणी गेलं होतं. प्रेमाबाईनं पिशवी गाडीत ठेवली. एलिया येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं आणि विचारायचा धीरही नव्हता. तो आला, डाव्या बाजूनं चढला आणि दार ओढून घेतलं. वाटभर त्यानं एक शब्द काढला नाही. पाय काढ म्हणायची गरज नव्हती, गिअर ती वेळेवर टाकत होती. ज्या ओढ्याला प्लेट जळाली त्याचा चढ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढून गेली. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं. तो समोर बघत होता.

"काहीतरी बोला की," ती शेवटी म्हणाली.

"काय बोलू? चांगली चालवतीस."

हे ऐकायला ती पाच महिने तरसली होती, आणि आता ते तिला भिंतीशी बोलल्यासारखं लागलं.

गिताबाईचं मूल पोटात आडवं होतं. प्रेमाबाई दोन तास खटपट करत होती तेव्हा कुठं ते वळलं. मुलगी झाली, रडली, आईही सुखरूप. आत रंगुबाई हाताशी होती आणि आज तिनं टोमणा मारला नाही. प्रेमाबाई हात धुवायला मागच्या दारी आली, तेव्हा पुढच्या अंगणातलं बोलणं तिला ऐकू आलं. जालिंदरचा म्हातारा बाप एलियाला म्हणत होता, "डायवर सायब, लई उपकार झालं. येळंवर आणलंसा बाईस्नी."

"मी न्हाई आणलं, आबा," एलिया म्हणाला. "डायवर त्याच हायेत. मी नुसता संगती."

त्याच्या आवाजात कौतुक होतं की कडूपणा, हे तिला भिंतीआडून कळलं नाही. ती ओले हात तसेच धरून थोडा वेळ थांबली. मग आत जाऊन पिशवी भरली.

गाडी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. ती काही बोलायच्या आत एलियानं मागून हँडल काढलं, पुढं जाऊन खोचलं आणि अंगाचा जोर लावून फिरवलं. दोनदा फुसकं गेलं. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. तो घामाघूम होऊन डावीकडं येऊन बसला.

तिनं क्लच जरा घाईनं सोडला. गाडीनं हिसका दिला.

"हळू," तो म्हणाला.

"माहीत हाय मला," ती फटकन म्हणाली, आणि पाय फळीवर ठेवून तिनं गाडी गावाबाहेर काढली.